चोविशीत मिळालेली ॲडमिशन

दसरा जवळ आला की कवठे महांकाळ तालुक्यात दोन कामांची घाई एकदमच सुरू होते. एक द्राक्षबागेच्या छाटणीची आणि दुसरी ॲडमिशनच्या शेवटच्या राउंडची. बागेतल्या कामाला निदान चार माणसं सोबत असतात. ॲडमिशनचं काम मात्र एकट्यानं, मोबाइलकडं बघत करायचं असतं. नीटचा स्कोअर येऊन महिने लोटलेले असतात. एमबीबीएसची आशा पहिल्या दोन राउंडमध्येच मावळलेली असते. आता बीडीएस तरी मिळावं. सांगली, कोल्हापूर, पुणे, कुठंही चालेल. कुणीतरी सीट सोडेल, आपला नंबर वर सरकेल, या आशेवर रात्री बारा वाजता यादीची पीडीएफ उघडायची आणि त्यात आपलं नाव शोधायचं. ते नसतं.

मग घरात बैठक बसते. मुलगा असेल तर विषय दोनच, ड्रॉप घ्यायचा की बीएस्सीला बसायचं. मुलगी असेल तर तिसरा विषय कुणीतरी हळूच पुढं सरकवतं. मामांनी एक स्थळ आणलेलं असतं. मुलगा पुण्यात नोकरीला, घरची शेती बागायत, मागणी काही नाही. सीट तर लागली नाही, मग वर्ष कशाला वाया घालवायचं?

ज्यांच्या घरात सध्या ही बैठक चालू आहे, त्यांच्यासाठी ही एका मुलीची गोष्ट. तिला मेडिकलची सीट चोविसाव्या वर्षी मिळाली, तीही समुद्रापार. त्याआधी चार वर्षं तिनं मुंबई हायकोर्टात काढली होती. नवऱ्याकडं नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात बस, असा हुकूम ऐकून झाला होता. तिचं नाव रखमाबाई.

अकराव्या वर्षी बोहल्यावर

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा, मुंबईतला. वडील जनार्दन पांडुरंग, आई जयंतीबाई. रखमा अगदी लहान असतानाच वडील वारले. आई तेव्हा जेमतेम सतरा वर्षांची. कुटुंब सुतार समाजातलं, आणि त्या समाजात विधवेला पुन्हा लग्न करायची मुभा होती. काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केलं. पण त्याआधी एक काम त्यांनी आठवणीनं केलं. पहिल्या नवऱ्याकडून आलेली मालमत्ता त्यांनी मुलीच्या नावावर करून टाकली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं तिचा संबंध येणार आहे.

सखाराम अर्जुन हे साधंसुधं प्रकरण नव्हतं. डॉक्टर होतेच, शिवाय मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी स्थापन झाली, तेव्हा संस्थापक आठ जणांत दोनच भारतीय होते, त्यातले एक सखाराम अर्जुन. म्हणजे रखमा वाढली ती पुस्तकांच्या, औषधांच्या आणि डॉक्टर मंडळींच्या घरात.

तरीही अकराव्या वर्षी तिचं लग्न झालंच. नवरा दादाजी भिकाजी, तिच्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. ठरलं असं होतं की, जावयानं घरजावई म्हणून राहायचं, शिकायचं आणि चांगलं माणूस व्हायचं. खर्च सासऱ्यांचा. दादाजींना अभ्यास काही मानवला नाही. ते आपल्या मामाच्या घरी जाऊन राहिले. मुलगी वयात आली की लगेच तिला नवऱ्याच्या हवाली करायची त्या काळची रीत. सखाराम अर्जुन डॉक्टर होते, कोवळ्या वयात मुलीच्या शरीराचं काय होतं हे त्यांना माहीत होतं. त्यांनी नकार दिला. रखमा माहेरीच राहिली.

शाळा मात्र लग्नाबरोबर सुटली होती. मग सुरू झालं घरचं वाचन. फ्री चर्च मिशनच्या लायब्ररीतून पुस्तकं आणायची आणि घरातली कामं उरकली की वाचत बसायचं. इंग्रजी तिनं असंच पक्कं केलं. आईबरोबर ती प्रार्थना समाजाच्या आणि आर्य महिला समाजाच्या बैठकांना जायची. तिथं शिकलेल्या बायका भेटायच्या, देशात काय चाललंय ते कानावर पडायचं. परीक्षा नाही, मार्कशीट नाही, सर्टिफिकेट तर नाहीच. आजच्या भाषेत हा नुसता गॅप. थोडाथोडका नाही, दहा-बारा वर्षांचा.

कोर्टातली चार वर्षं

१८८४ साली दादाजींनी वकिलामार्फत नोटीस धाडली आणि मग हायकोर्टात दावा लावला. मागणी एकच, बायकोला माझ्याकडं नांदायला पाठवा. रखमाबाई तेव्हा वीस वर्षांच्या आतबाहेर. तिनं जायला नकार दिला. अजाण वयात लावलेलं लग्न मला बांधत नाही, हे तिचं म्हणणं. तिच्या नावावरच्या मालमत्तेवर डोळा ठेवून हा दावा लावलाय, असंही तिच्या बाजूनं मांडलं गेलं.

त्यातच एप्रिल १८८५ मध्ये सखाराम अर्जुन वारले. लढाई ऐन रंगात असताना पाठीशी उभं असलेलं माणूसच गेलं.

त्या वर्षी टाइम्स ऑफ इंडियात एका हिंदू बाईच्या नावानं पत्रं छापून आली. बालविवाहानं मुलींचं शिक्षण, तब्येत आणि उमेद कशी मारली जाते, याबद्दलची ती पत्रं होती. लिहिणारीनं आपलं नाव दिलं नव्हतं. ती रखमाबाई होती. लायब्ररीच्या पुस्तकांवर पक्कं केलेलं इंग्रजी आता देशभर वाचलं जात होतं.

सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल तिच्या बाजूनं दिला. जिनं कधी संसार सुरूच केला नाही, तिला जबरदस्तीनं नांदायला पाठवायला कायद्यात आधार नाही, असा तो निकाल. त्यावर मोठं वादळ उठलं. हा आमच्या धर्मातला हस्तक्षेप आहे असं म्हणणारे खवळले. टिळकांच्या केसरीनंही तिच्या विरोधात बाजू लावून धरली. दुसरीकडं बेहरामजी मलबारी, पंडिता रमाबाई अशी मंडळी तिच्या पाठीशी उभी राहिली, मदतीसाठी कमिटी झाली. १८८६ मध्ये अपिलात निकाल फिरला आणि खटला पुन्हा खालच्या पायरीवर आला. ४ मार्च १८८७ ला न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला, महिन्याभरात नवऱ्याकडं जा, नाहीतर सहा महिने कैद.

या तारखेच्या सहाच दिवस आधी, २६ फेब्रुवारी १८८७ ला, पुण्यात आनंदीबाई जोशी गेल्या होत्या. अमेरिकेतून डॉक्टर होऊन आलेली मराठी मुलगी, बावीसही पूर्ण नव्हती. रखमाबाई तिच्यापेक्षा काही महिन्यांनी मोठीच. आनंदीबाईंची डिग्री होऊन त्या जगातून गेल्याही होत्या, आणि रखमाबाईच्या हातात अजून साधी शाळेची परीक्षाही नव्हती. बॅचमेट पुढं निघून गेल्याचं दुःख आपण इन्स्टाग्रामवर बघून बघून करतो. त्या आठवड्यात रखमाबाईला काय वाटलं असेल, याचा विचार करून बघा.

ती नांदायला गेली नाही. तुरुंगात जायची तयारी तिनं दाखवली. तिला कैदेत टाकायची पाळी आलीच, तर त्याचा बोभाटा विलायतेपर्यंत होणार हे सरकारलाही कळत होतं. शेवटी जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींना दोन हजार रुपये मिळाले, त्यांनी दावा सोडला आणि पुढं दुसरं लग्नही केलं. पुरुषाला त्या काळी त्याची आडकाठी नव्हती. रखमाबाई कागदोपत्री मात्र त्यांची बायकोच राहिली. कोर्टात ती पूर्ण जिंकली असं नाही म्हणता येणार. तिनं फक्त स्वतःची सुटका विकत घेतली.

स्कॉलरशिप नाकारलेली बाई

सुटका झाली. आता पुढं काय? डॉक्टर व्हायचं तिच्या मनात होतंच. पण पोटात विद्या असली तरी हातात कागद नाही, आणि वय वाढतंय. इथं तिच्या मदतीला आली एक इंग्रज बाई, डॉ. एडिथ पीची. ही बाई का मदत करायला आली, हे समजून घ्यायला आपल्याला जरा वीस वर्षं मागं, स्कॉटलंडमधल्या एडिनबरोला जावं लागेल.

१८६९ साली सोफिया जेक्स-ब्लेक नावाच्या जिद्दी बाईबरोबर काही मुलींनी एडिनबरो विद्यापीठात मेडिकलला प्रवेश मिळवला. पुढं त्या सात जणी झाल्या. एडिथ पीची त्यातलीच. केमिस्ट्रीच्या परीक्षेत तिनं असे गुण मिळवले की, होप स्कॉलरशिप तिचीच होती. ती तिला नाकारून खालच्या नंबराच्या मुलाला दिली. कारण एकच, ती मुलगी. १८७० मध्ये या मुली परीक्षेला जात असताना मुलांच्या जमावानं वाट अडवली, चिखल फेकला. शेवटी १८७३ मध्ये कोर्टानं सांगितलं की, विद्यापीठानं यांना घ्यायलाच नको होतं. चार वर्षं शिकून डिग्री शून्य. मिळालेली सीट हातातून काढून घेतली म्हणा ना.

पीचीनं मग दुसरी वाट शोधली. स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठातून तिनं १८७७ मध्ये एमडी केलं आणि प्रॅक्टिसचं लायसन्स डब्लिनमधून मिळवलं. जेक्स-ब्लेकनं तर कॉलेज मिळत नाही म्हटल्यावर १८७४ मध्ये लंडनमध्ये मुलींसाठी नवं मेडिकल कॉलेजच उभं करण्यात पुढाकार घेतला. त्याचं नाव लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन.

आणि डेंटिस्ट्री? तिथंही तीच गत. अमेरिकेत ल्यूसी हॉब्ज नावाच्या मुलीला १८६१ मध्ये ओहायोच्या डेंटल कॉलेजनं मुलगी म्हणून परत पाठवलं. ती एका दंतवैद्याच्या हाताखाली शिकली, आयोवात जाऊन तिनं स्वतःचा दवाखाना चालवला. तिचं काम बघून तिथल्या दंतवैद्यांच्या संघटनेनं १८६५ मध्ये तिला सभासद करून घेतलं. मग त्याच कॉलेजनं तिला थेट शेवटच्या वर्षात बसवलं आणि फेब्रुवारी १८६६ मध्ये ती डेंटिस्ट्रीची डिग्री घेणारी जगातली पहिली बाई ठरली. तेव्हा मुंबईत रखमा सव्वा वर्षाची होती.

तर ही एडिथ पीची १८८३ च्या अखेरीस मुंबईत आली, कामा हॉस्पिटल उभं करायला. बायकांसाठी बायकांनी चालवलेलं हॉस्पिटल. रखमाबाईची केस तिच्या डोळ्यांसमोर चाललेली. दार तोंडावर आपटतं तेव्हा काय होतं, हे या बाईला कुणी सांगायची गरज नव्हती. तिनं रखमाबाईला धीर दिला आणि पैसे उभे करायला मदत केली. शिवाजीराव होळकरांनी पाचशे रुपये दिले. इंग्लंडमध्ये मॅक्लारेन दांपत्यानं जबाबदारी घेतली. १८८९ साली रखमाबाई बोटीनं इंग्लंडला निघाली, पीचीच्या मैत्रिणीनं पंधरा वर्षांपूर्वी उभ्या केलेल्या त्याच कॉलेजात शिकायला.

लंडनमधली पाच वर्षं

त्या कॉलेजची डीन होती एलिझाबेथ गॅरेट अँडरसन. हिलाही लंडनमध्ये कुठल्याच कॉलेजनं विद्यार्थिनी म्हणून घेतलं नव्हतं. औषधविक्रेत्यांच्या जुन्या संस्थेच्या नियमात एक फट सापडली, तिच्यातून ती १८६५ मध्ये लायसन्स घेऊन बाहेर पडली आणि तिच्यामागं ती फट संस्थेनं बुजवून टाकली. पुढं १८७० मध्ये तिनं पॅरिसमधून एमडी केलं. म्हणजे रखमाबाई ज्या कॉलेजात गेली, तिथल्या बहुतेक ज्येष्ठ बायका उशिरा सीट मिळालेल्याच होत्या. तिच्या वयाचं तिथं कुणाला विशेष वाटलं नसणार.

अभ्यास सोपा नव्हता. विज्ञानाचा शाळेतला पाया नाही, भाषा परकी, हवा परकी. थिअरी कॉलेजात आणि प्रॅक्टिकल रॉयल फ्री हॉस्पिटलात, हेच एक हॉस्पिटल मुलींना वॉर्डात शिकू देत होतं. इकडं भारतात १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला, मुलीचं संमतीचं वय दहावरून बारा केलं गेलं. त्या वादात रखमाबाईच्या खटल्याचा मोठा वाटा होता. ती मात्र तेव्हा शरीरशास्त्राच्या वह्या भरत होती. १८९४ मध्ये ती डॉक्टर झाली. वय वर्षं एकोणतीस. आपल्याकडं या वयात एमडी झालेली पोरं स्वतःचा दवाखाना टाकायच्या तयारीत असतात. रखमाबाईंची तर आत्ता कुठं सुरुवात.

उशिरा सुरू झालं, पण लांबलं

परत आल्यावर काही काळ मुंबईत कामा हॉस्पिटलला काम करून डॉ. रखमाबाई सुरतेला गेल्या. बायकांच्या हॉस्पिटलची जबाबदारी त्यांच्यावर होती. पण हॉस्पिटल उघडलं म्हणून पेशंट येतात असं थोडंच आहे? बाळंतपण म्हणजे घरातली अंधारी खोली आणि सुईण, ही पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. दवाखान्यात गेलेली बाई जिवंत परत येत नाही, ही भीती. एक गोष्ट त्यांच्याबद्दल सांगितली जाते, की पहिली बाळंतीण येईना तेव्हा त्यांनी एक गाभण शेळी हॉस्पिटलात आणून तिची सुटका केली, आणि शेळी-करडं धडधाकट बघून मग बायकांचा धीर चेपला. गोष्टीत मीठमसाला असेलही. आपल्या तालुक्यात शेळी व्यायला लागली की अख्खी गल्ली गोळा होते, त्यामुळं आपल्याला तरी ती खरी वाटायला हरकत नाही.

सुरतेत त्या दोन दशकांहून जास्त राहिल्या. मग राजकोटच्या जनाना हॉस्पिटलची प्रमुख म्हणून काम केलं. १९३० च्या आसपास निवृत्त झाल्या. डॉक्टरकीची एकूण पस्तीसेक वर्षं. आनंदीबाईंना डॉक्टर म्हणून काम करायला वेळच मिळाला नव्हता. हा हिशेब कुणाला कमी-जास्त ठरवायला मांडलेला नाही. सुरुवात कधी झाली आणि काम किती झालं या दोन वेगळ्या गोष्टी असतात, एवढंच त्यातून दिसतं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती आपल्या सोयीच्या चित्रात बसत नाही. १९०४ मध्ये दादाजी भिकाजी वारले, तेव्हा रखमाबाईंनी विधवेची पांढरी साडी नेसायला सुरुवात केली. ज्या नात्याला त्यांनी कोर्टात नकार दिला, तुरुंग पत्करायची तयारी ठेवली, त्याच नात्याचं हे सोंग की ओझं? पेशंट बायकांनी आपल्यावर विश्वास ठेवावा म्हणून की आणखी कशासाठी? त्याचा एकच अर्थ लावायच्या भानगडीत न पडलेलं बरं. माणसं पोस्टरवर असतात तशी सरळ रेषेत जगत नाहीत. पुढं निवृत्तीच्या सुमारास याच बाईंनी पडदा पद्धत बंद झाली पाहिजे म्हणून पुस्तिका लिहिली.

२५ सप्टेंबर १९५५ ला, नव्वदाव्या वर्षी, डॉ. रखमाबाई गेल्या. तोवर देश स्वतंत्र झाला होता, आणि ज्या वर्षी त्या गेल्या त्याच वर्षी संसदेनं हिंदू विवाह कायदा केला. मुलीच्या लग्नाचं किमान वय त्यात पंधरा ठरलं. आज ते अठरा आहे.

आता आपल्या बैठकीकडं

रखमाबाईंची गोष्ट ऐकून कुणी म्हणेल, जिद्द असली की सगळं होतं. एवढं सरळ नाही ते. त्यांच्या मागं डॉक्टर सावत्र वडील होते, मालमत्ता मुलीच्या नावावर करणारी आई होती, वर्गणी देणारे लोक होते, आणि एडिथ पीची होती. जिद्द त्यांच्याएवढीच असून या चार गोष्टी नसल्यामुळं घरातच राहिलेल्या किती रखमा असतील, त्यांची चरित्रं कुणी लिहिली नाहीत. म्हणून या गोष्टीतून घ्यायचंच असेल तर दोन साध्या गोष्टी घ्याव्यात.

पहिली, सीट नसतानाच्या वर्षांचं काय केलं ती. त्या दहा-बारा वर्षांत रखमाबाईंनी वाचन सोडलं नाही. ते इंग्रजी नसतं तर ती पत्रं नसती, पत्रं नसती तर त्यांचं नाव इंग्लंडपर्यंत पोचलं नसतं, आणि तिथल्या लोकांनी एका अनोळखी मुलीसाठी खिशात हात घातला नसता. यंदा बीडीएसची यादी संपली तर पुढच्या नीटपर्यंतचे महिने गावातल्या अभ्यासिकेत घालवा, नाहीतर बीएस्सीचं पहिलं वर्ष करत करत घालवा. पण ते वाया गेले असं आधीच ठरवून टाकू नका.

दुसरी, मदत मागायची लाज वाटू देऊ नका. तालुक्यात असा एखादा दादा किंवा ताई असतेच, जिला तिसऱ्या प्रयत्नात, अगदी शेवटच्या राउंडला सीट मिळाली. आज ती सांगली-मिरजेत लोकांचे दात बघत असते. तिचा नंबर मिळवा, फोन करा. कोणतं डॉक्युमेंट अडतं, कोणत्या कॉलेजात उशिरापर्यंत जागा राहतात, फीची सोय कशी होते, हे तिला क्लासच्या जाहिरातीपेक्षा चांगलं माहीत असतं. उशिरा पोचलेल्या माणसाला वाट नीट आठवते.

आणि ती तिसऱ्या विषयाची बैठक? तिथं रखमाबाईंचं नाव काढायला हरकत नाही. मामांना सांगा, अठरा पूर्ण झाली म्हणजे लग्न करता येतं, करावंच लागतं असं कायदा म्हणत नाही. नाही म्हणायला रखमाबाईंना हायकोर्टात जावं लागलं होतं. तुम्हाला तेच काम स्वयंपाकघरात उभं राहून करायचंय. सोपं नाही, माहितीये. पण आई बहुतेक ऐकत असते. जयंतीबाईंसारखी एखादी गोष्ट ती गुपचूप करूनही टाकते.

बाहेर छाटणी चालूच आहे. काहींची बाग आगाप असते, काहींची उशिरा. मार्केटला माल जातो तेव्हा पेटीवर छाटणीची तारीख कुणी लिहीत नाही.